गुळण्या की ऑटो

ग्रेसताई घशाने गेल्या.

हे वाक्य मी गेल्या काही महिन्यांत इतक्या वेळा उच्चारलं आहे, की समोरचा माणूस पुढे काय विचारणार ते मला पाठ झालं आहे. “कॅन्सर का?” नाही. “मग कोविड?” नाही. “मग? घशाने कोण जातं?” मी सरकारी कचेरीतली बाई आहे, प्रश्न आला की उत्तर मुद्द्यांत बसवायची मला सवय आहे. याचंही उत्तर मुद्द्यांत बसतं. डॉक्टरांनी मला ते नीट समजावलं आहे आणि मी ते तसंच्या तसं सांगू शकते. सांगून झालं की मात्र मीच थबकते. हे ग्रेसताईंच्या बाबतीत झालंच कसं? दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी कॉलनीत, आमच्या ब्लॉकांमध्ये, घसा या विषयावरचा शेवटचा शब्द त्यांचा होता.

ग्रेस लोंढे मूळच्या नगरच्या. लग्नानंतर दिल्लीत आल्या, परीक्षा देऊन केंद्र सरकारच्या नोकरीत लागल्या आणि होता होता मंत्रालयात माझ्या शेजारच्या विभागात सेक्शन ऑफिसर झाल्या. क्वार्टरही एकाच ब्लॉकमध्ये. त्या आणि त्यांचे यजमान विनयराव दुसऱ्या मजल्यावर, आम्ही तळमजल्यावर. ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या, केस कायम घट्ट बांधलेले. आणि आवाज! दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून त्यांनी “भैया, मेथी रुको!” म्हटलं की मेथीवाला तर थांबायचाच, त्याच्या मागचा रद्दीवालाही थांबायचा.

आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात सूत्रसंचालन त्यांच्याकडे असे. माइक बंद पडला तर तो दुरुस्त करायला कोणी धावत नसे. एका वर्षी नव्याने बदली होऊन आलेल्या एका गृहस्थांनी मांडवात जरा मोठ्यानेच विचारलं, की आरतीची नावं ख्रिस्ती बाईंनी पुकारायची म्हणजे जरा विचित्र नाही का? ग्रेसताईंनी शांतपणे माइक त्यांच्या हातात दिला.

“घ्या, तुम्ही पुकारा. समोर सगळी कॉलनी बसली आहे, अर्ध्यांना भूक लागली आहे आणि पोरांना प्रसाद पाहिजे आहे. करा सुरू.”

गृहस्थांनी माइक तोंडाशी नेला, दोनदा खाकरले आणि परत दिला. “घसा बसलाय जरा,” ते म्हणाले.

“बसणारच. उद्या सकाळी दाखवायला या.”

आणि दुसऱ्या दिवशी ते खरोखरच गेले. पुढे मंडळाचे खजिनदार झाले.

‘दाखवायला जाणं’ म्हणजे ग्रेसताईंच्या बाल्कनीत जाणं. तिथे वेताच्या खुर्चीत माणसाला उजेडाकडे तोंड करून बसवायचं, मोबाइलचा टॉर्च लावायचा आणि म्हणायचं, “आ कर. मोठा. लाजू नको, मला तुझे दात मोजायचे नाहीत.” पण तोंडात बघण्याआधी प्रश्न, आणि प्रश्नांचा क्रम ठरलेला. थुंकी गिळता येते का? श्वास घ्यायला त्रास होतो का? तोंड पूर्ण उघडतं का? दुखणं दोन्हीकडे आहे की एकाच बाजूला? मान आखडली आहे का? अंगावर पुरळ? यातलं एक जरी उत्तर त्यांना आवडलं नाही, तरी त्या टॉर्च बंद करायच्या आणि एकच शब्द बोलायच्या: “ऑटो.” म्हणजे इथे वेळ घालवायचा नाही, खाली उतरायचं, ऑटो थांबवायची आणि हॉस्पिटल गाठायचं.

ही पायरी पार पडली की मग नाक वाहतं का, खोकला आहे का, ताप किती. सर्दी-खोकला असेल, ताप बेताचा असेल, तर निकाल “गुळण्या.” कोमट पाण्यात मीठ, दिवसातून चार-पाचदा. भरपूर पाणी, दुखणं फारच असेल तर साधी पॅरासिटामॉल, आणि तोंड बंद. आठवड्याभरात उतरलं नाही किंवा मधेच ताप चढला तर डॉक्टर. सर्दी-खोकला नाही, नुसता ताप, घसा लालभडक आणि गळ्याशी गाठी, असं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना, त्यात चालढकल नाही. मोठ्यांना कोमट पाण्यातून मध चालेल म्हणायच्या. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायला निघालेल्या एका आजीबाईंच्या हातातून मात्र त्यांनी चमचाच काढून घेतला होता.

त्यांचं स्वतःचं वागणंही तसंच शिस्तीचं. रविवारी सकाळी त्यांच्या चर्चमध्ये मराठी उपासना असे आणि तिथल्या गायनमंडळीच्या त्या प्रमुख. गाऊन आल्या की संध्याकाळपर्यंत बोलत नसत. त्या वेळी काही विचारलं तर मानेने उत्तर. कुजबुजतसुद्धा नसत, कारण कुजबुजल्याने घसा जास्त ताणतो असं त्यांचं म्हणणं. विनयराव म्हणायचे, “रविवारी दुपारी मी या घराचा मालक असतो. बाकी आठवडाभर भाडेकरू.”

त्यांची आई नगरला दवाखान्यात नर्स होती. पण घशाचं हे वेड आईच्या नोकरीतून आलेलं नव्हतं, धाकट्या भावाकडून आलं होतं. दानियल लहानपणी सारखा घसा दुखतो म्हणायचा. शाळा बुडवायचं निमित्त, असं घरात सगळ्यांना वाटायचं. मग एकदा त्याचे सांधे सुजले, आणि पुढे कळलं की हृदयाची एक झडप खराब झाली आहे. घशात बसणारा एक जंतू वेळेवर मारला नाही तर पुढे हृदयावर घाला घालू शकतो, हे त्या घराला असं कळलं. “आई दिवसभर लोकांचे घसे बघत होती आणि घरचा राहून गेला,” ग्रेसताई सांगायच्या. तेवढं सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा, एरवी कधीच नाही. दानियल आता फरीदाबादला एका कारखान्यात आहे, झडप बदललेली आहे. तो बहिणीला फोन करायचा तेव्हा “हॅलो” म्हणायचाच नाही. “ताई, घसा ठीक आहे,” इथपासूनच सुरुवात.

म्हणूनच त्या औषधाच्या विरुद्ध नव्हत्या. अर्धवट औषधाच्या विरुद्ध होत्या. सरकारी कॉलनीत राहिलेल्यांना ठाऊक असेल, आमच्याकडे उरलेली औषधं फिरत असतात. दवाखान्यातून मिळतात, टाकवत नाहीत, मग या घरची अर्धी पट्टी त्या घरी जाते. ऑफिसात त्यागीजी नावाचे आमचे अंडर सेक्रेटरी होते, ते या व्यवहाराचे मुख्य केंद्र. हिवाळा लागला की त्यांच्या ड्रॉवरमध्ये अँटिबायोटिकच्या कुरतडलेल्या पट्ट्या जमायच्या आणि त्यांच्यासमोर कोणी नुसतं खाकरलं तरी ते ड्रॉवर उघडायचे. एकदा त्यांनी ग्रेसताईंपुढेच पट्टी धरली.

“लीजिए लोंढे मॅडम, एक ले लीजिए. शाम तक फर्स्ट क्लास.”

“सर, इसे आपने सौंफ समझ रखा है क्या?”

“अरे, मैं तो दो दिन खाता हूँ, बिल्कुल ठीक हो जाता हूँ.”

“बिना खाए भी हो जाते, सर. वायरल में ये काम ही नहीं करती. और जिसमें करती है, उसमें दो दिन से नहीं होता, जितनी डॉक्टर ने लिखी उतनी पूरी खानी पड़ती है. आप अपना भी नुकसान कर रहे हैं और सेक्शन का भी.”

असं म्हणून त्यांनी ड्रॉवरमधल्या सगळ्या पट्ट्या एका सरकारी पाकिटात भरल्या, पाकीट त्यागीजींपुढे ठेवलं आणि म्हणाल्या, “डिस्पोजल के लिए पुट अप कर रही हूँ. साइन कर दीजिए.” त्यागीजी पोट धरून हसले. पण सही केली.

आणि त्यांचं बघणं नुसतं थट्टेपुरतं नव्हतं, हे कळलं ते सावंतांच्या रियाच्या वेळी. सावंत आमच्या समोरच्या ब्लॉकमधले, रिया तेव्हा बारावीत. घसा दुखतो म्हणून आठवडाभर कुरकुरत होती. परीक्षा तोंडावर आलेली, म्हणून आईला वाटलं टेन्शन. संध्याकाळी तिला ग्रेसताईंकडे पाठवलं ते फक्त गुळण्यांत मीठ किती घालायचं ते विचारायला. मी तिथेच चहा पीत होते.

“आंटी, मम्मी पूछ रही है, गुळण्यांत...” रिया बोलायला लागली आणि ग्रेसताईंनी कप खाली ठेवला.

“परत बोल.”

“काय बोलू?”

“काहीही बोल. तोंडात गरम बटाटा ठेवून बोलल्यासारखी का बोलतेस?”

“दुखतंय यार, आंटी. इकडे.” तिने डाव्या कानाखाली बोट ठेवलं.

“तोंड उघड.”

रियाचं तोंड बोटभरच उघडलं. ग्रेसताईंनी टॉर्च लावलाच नाही. उभ्या राहिल्या आणि बाल्कनीतून समोरच्या ब्लॉककडे अशा काही ओरडल्या की तीन मजल्यांवरच्या खिडक्या उघडल्या. “सावंत वहिनी! ऑटो! चप्पल घाला आणि खाली या, पर्स मी घेते माझी!”

टॉन्सिलच्या बाजूला पू धरला होता. हॉस्पिटलात त्याच संध्याकाळी तो काढला. डॉक्टर म्हणाले, आणखी थांबला असतात तर श्वास अडकण्यापर्यंत गेलं असतं. दुसऱ्या दिवशी सावंत पेढे घेऊन आले, तर ग्रेसताई दारातच म्हणाल्या, “पेढे ठेवा. पण पोरीला परीक्षेचं टेन्शन घशात येतं, हे शास्त्र तुम्ही कुठून आणलं ते आधी सांगा.”

तर अशा बाई.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्या वाळायला लागल्या. खायच्या भरपूर आणि तरी ब्लाउज सैल होत गेले. ऑफिसात एसीखाली बसून घाम पुसायच्या. जिना चढून आल्या की छातीवर हात ठेवून उभ्या राहायच्या. गणपतीत पहिल्यांदाच त्यांच्या हातातला माइक थरथरताना आम्ही पाहिला. तपासणीत थायरॉइड वाढलेला निघाला. आपल्या ओळखीतल्या अर्ध्या बायका थायरॉइडची गोळी घेतात, पण त्यांचा कमी पडत असतो. ग्रेसताईंचं उलट होतं, ग्रंथी नको तितकं काम करत होती. मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी ते काम कमी करणारी गोळी सुरू केली. गोळीने फरकही पडला. दसऱ्यापर्यंत हात थरथरायचा थांबला, धडधड कमी झाली. वजन मात्र अजून भरलं नव्हतं आणि अंग गरम वाटणं अधूनमधून चालूच होतं. “माझ्या आत कोणीतरी गीझर चालू ठेवून गेलंय,” असं म्हणत त्या दिवाळीतही पंखा लावून बसायच्या. विनयराव शाल पांघरून शेजारी.

मग नोव्हेंबर आला.

दिल्लीचा नोव्हेंबर बाहेरच्यांना सांगून कळत नाही. सकाळी खिडकी उघडली की धूर आत येतो, डोळे चुरचुरतात, शाळा बंद होतात, आणि कॉलनीत ज्याला बघावं तो खाकरत असतो. त्या दिवसांत घसा दुखतो हे कोणी कोणाला सांगतही नाही, इतकं ते गृहीत असतं. ग्रेसताईंच्या बाल्कनीत गर्दी. “हा हवेचा घसा,” त्या सांगायच्या. “खाजतो, खवखवतो, पण ताप आणत नाही. मास्क लाव, सकाळचं फिरणं बंद कर, गुळण्या.” तिकडे चर्चमध्ये नाताळच्या गाण्यांच्या तालमी सुरू झालेल्या. वरच्या पट्टीतलं एक गीत बसत नव्हतं, म्हणून त्या स्वतः पुन्हा पुन्हा गाऊन दाखवत होत्या.

त्यांचाही घसा दुखायला लागला.

त्यांनी स्वतःला आपल्या पद्धतीने तपासलं, हे मला पक्कं माहीत आहे, कारण मी विचारलं तेव्हा त्यांनी मला सगळी उत्तरं क्रमाने दिली. थुंकी गिळता येते. श्वास मोकळा. तोंड उघडतं. दोन्हीकडे दुखतं. ताप? “ताप नाही गं, गीझर.” म्हणजे थर्मामीटर लावलाच नव्हता. घसा दुखण्याला धूर होता आणि तालमी होत्या, अंग तापण्याला थायरॉइड होता, थकव्याला वजन उतरलेलं होतं. प्रत्येक लक्षणाला दुसराच कोणी मालक ठरलेला होता. निकाल गुळण्या.

रविवारी त्या उपासनेला गेल्या नाहीत. हे कधी घडलं नव्हतं, म्हणून मी दुपारी थर्मासमध्ये सूप घेऊन वर गेले. त्या पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. थंडी वाजून आल्यासारख्या दोन रजया घेतलेल्या आणि कपाळावर घाम. ओठाच्या आत पांढरे व्रण दिसत होते.

“थर्मामीटर लावते मी,” मी म्हटलं आणि लावला. एकशे तीनच्या वर होता.

“हे गीझर नाही, ग्रेसताई. डॉक्टरांना दाखवायला जाऊ या.”

“मला दाखवायला लोक येतात, माधुरी,” त्या म्हणाल्या, आणि हसायला गेल्या तर डोळ्यांत पाणी आलं, इतकं दुखत होतं. मग स्वतःच म्हणाल्या, “सर्दी नाही, खोकला नाही, नुसता ताप. म्हणजे सकाळी दवाखाना. माझाच नियम आहे, मोडणार नाही. आज रविवार, डिस्पेन्सरी बंद. उद्या नऊला.”

विनयराव दारात उभे होते. “मी आत्ता नेतो म्हणतोय सकाळपासून,” ते म्हणाले. “पण ऐकेल कोण? भाडेकरूचं?”

“सूप ठेवा आणि दोघं बाहेर जा,” ग्रेसताई म्हणाल्या. “मला बोलायला लावू नका.”

नियम चुकीचा नव्हता, हेच मला अजून पचत नाही. तुमच्या-माझ्या घशासाठी तो नियम बरोबर आहे. त्या रविवारीही त्यांनी तो प्रामाणिकपणे लावला.

सोमवारी उजाडल्यावर विनयरावांचा फोन आला. मी वर गेले. ग्रेसताई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, हातात टॉवेल, आणि टॉवेल तोंडाशी. थुंकी गिळता येत नव्हती. त्यांनी माझ्याकडे बघितलं, टॉवेल बाजूला केला आणि फाटलेल्या आवाजात एकच शब्द बोलल्या.

“ऑटो.”

हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टर मुलगी होती. सकाळपासून तिने असे कितीतरी घसे बघितले असणार. बोलता बोलता लिहीत होती.

“कब से है?”

विनयरावांनी सांगितलं.

“कोई दवा चलती है?”

“जी, थायरॉइड की.”

“कम था या बढ़ा हुआ?”

“बढ़ा हुआ.”

तिचं पेन थांबलं. तिने गोळीचं नाव विचारलं. विनयरावांनी खिशातून पट्टी काढून दाखवली.

“आज भी ली?”

“जी. सुबह. निगली नहीं जा रही थी, मैंने पीसकर पानी में दी.”

“अंकल,” ती हळू आवाजात म्हणाली, “शुरू करते वक़्त किसी ने बताया नहीं था? बुखार आए या गला ख़राब हो, तो दवा उसी वक़्त बंद करनी है और उसी दिन ख़ून की जाँच?”

मला वाटलं, विनयराव नाही म्हणतील. कोणीतरी सांगायला विसरलं असेल, सरकारी गर्दीत राहून गेलं असेल. मी तर भांडायच्या तयारीत होते.

“बताया था,” विनयराव म्हणाले. “हम दोनों को.”

मग त्यांनी माझ्याकडे वळून मराठीत सांगितलं, जणू साक्ष मला द्यायची होती. “गणपतीनंतर गोळी सुरू केली तेव्हा सांगितलं होतं, माधुरीताई. डॉक्टर नवा होता, केरळचा. ही बाहेर येऊन हसली. म्हणाली, दिल्लीत राहून घसा खराब झाला की रक्त तपासायचं, तर मला इथेच खाट टाकावी लागेल. मीही हसलो. मला वाटलं, थंड खाऊ नका, तेलकट खाऊ नका, तसंच हे. सगळ्यांनाच सांगतात.”

ग्रेसताई ऐकत होत्या. त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली, होय म्हणून.

रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत दुसरे एक मोठे डॉक्टर आले होते. त्यांनी आम्हाला बाजूला घेतलं. शरीरात जंतूंशी लढणाऱ्या ज्या पांढऱ्या पेशी असतात, त्या ग्रेसताईंच्या रक्तात जवळजवळ उरल्याच नव्हत्या. ही गोळी बहुतेकांना काही करत नाही. पण फार थोड्या लोकांमध्ये ती या पेशी बनणंच बंद पाडते, आणि ते बाहेरून समजण्याची पहिली खूण म्हणजे घसा दुखणं आणि ताप. घसा हा इथे आजार नव्हताच. तो निरोप होता. ज्या बाईने जन्मभर दुसऱ्यांच्या घशातले निरोप वाचले, तिच्यापर्यंत तिचा स्वतःचा पोहोचला नाही. दिल्लीच्या हवेत सगळेच घसे एकाच आवाजात ओरडत होते.

त्यांना वेगळ्या खोलीत ठेवलं. शिरेतून औषधं दिली, पेशी वाढवणारी इंजेक्शनं दिली. पेशी थोड्या वाढल्याही, पण तोवर संसर्ग रक्तात पसरला होता. आठवडा पुरा व्हायच्या आत त्या गेल्या. रविवारच्या उपासनेत ज्यांनी त्यांच्यासाठी प्रार्थना केली होती त्यांना पुढच्या रविवारी त्याच चर्चमध्ये त्यांच्या शवपेटीसमोर गावं लागलं. वरच्या पट्टीतलं ते गीत कोणालाच झेपलं नाही. मध्येच थांबले सगळे.

दानियल फरीदाबादहून आला होता. पुढच्या बाकावर हात मांडीवर ठेवून ताठ बसला होता. बाहेर आल्यावर मी त्याच्याजवळ गेले, तर म्हणाला, “हॉस्पिटलात न्यायच्या आधीच्या शुक्रवारी मी फोन केला होता तिला. नेहमीसारखं म्हटलं, ताई, घसा ठीक आहे. ती म्हणाली, गुणी पोर. मी तिला विचारलंच नाही, तुझा कसा आहे. कधीच विचारलं नाही. तसा प्रश्नच नव्हता ना आमच्यात.”

मी डॉक्टर नाही. पण जे कळलं ते लिहून ठेवते. थायरॉइड कमी पडतो म्हणून सकाळी उपाशीपोटी गोळी घेणाऱ्यांनी घाबरू नये, त्यांचा याच्याशी संबंध नाही. वाढलेला थायरॉइड कमी करायची गोळी घरात कोणी घेत असेल, तर घसा दुखणं किंवा ताप, यातलं एकही आलं की त्या माणसासाठी गुळण्या आणि सकाळची वाट पाहणं हे दोन्ही पर्याय नाहीत. पुढची गोळी घ्यायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं आणि रक्तातल्या पेशी तपासायच्या. ज्यांच्यावर केमोथेरपी चालू आहे किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू आहेत, त्यांचंही तसंच. आणि तपासणाऱ्याने न विचारताच सांगायचं, आपण कोणती औषधं घेतो ते. थायरॉइड वाढलेला आहे हे विनयरावांनी सांगितलं म्हणून त्या मुलीचं पेन थांबलं.

विनयराव अजून त्याच क्वार्टरमध्ये आहेत. सावंतांची रिया आता कॉलेजला जाते, जाता-येता त्यांना भाजी आणून देते. बाल्कनीतली खुर्ची तशीच आहे. त्यांच्याकडे गेलं की ते मला दर वेळी एकच गोष्ट विचारतात, “ती हसली तेव्हा मी का हसलो?” मी चहा करते.

मला मात्र ग्रेसताई आठवतात त्या शेवटच्या दिवसांतल्या नाहीत. त्या खोलीत आम्हाला जाऊच दिलं नाही. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या सोमवारी सकाळी, त्यांना त्या खोलीकडे नेताना, तातडीच्या विभागाबाहेरच्या लांब कॉरिडॉरमध्ये. वॉर्डबॉय व्हीलचेअर घेऊन आला आणि म्हणाला, “बैठिए माताजी.” ग्रेसताईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे पाहिलं. बोलवत नव्हतं. त्यांनी खांद्यावरची पर्स काढून खुर्चीच्या सीटवर ठेवली, शाल घडी करून पर्सवर ठेवली, टॉवेल तोंडाशी धरला, आणि दुसऱ्या हाताने खुर्ची स्वतःच ढकलत निघाल्या. वॉर्डबॉय मागून “माताजी, माताजी” करत चालला होता. कॉरिडॉरमधली माणसं बाजूला होऊन त्यांना वाट देत होती. वळणावर खुर्चीचं चाक भिंतीला घासलं, तेव्हा त्या थांबल्या, खुर्ची सरळ केली, पर्स नीट आहे का बघितलं, आणि वळल्या.